भज्जी, बासुंदी आणि निजलेली देवी : लातूर-तुळजापूरचे सहा दिवस

बापू भावजींचा फोन दरवर्षी मार्गशीर्षात येतो. "वहिनी, यंदा येळवशीला यायलाव का?" मी दरवर्षी "बघू" म्हणते. यंदा आत्याबाईंनी फोन माझ्या हातातून घेतला आणि म्हणाल्या, "येऊलालोत. चौघं." झालं, ठरलं.

आत्याबाई म्हणजे माझ्या सासूबाई. वय ७४, गुडघे त्याहून म्हातारे, जीभ मात्र अजून विशीतली. माहेर औसा तालुक्यातलं. बापू भावजी त्यांच्या भावाचा मुलगा. आम्ही परभणीकर फिरायला निघालो की थेट कोकण नाही तर केरळ गाठतो. घराच्या दाराशी काय आहे ते बघायचं राहूनच जातं. म्हणून येळवस, म्हणजे वेळ अमावस्या, शेतात जाऊन पूजा करून जेवायचा इकडचा सण, मध्ये ठेवून आजूबाजूचे सहा दिवस आखले. नवऱ्यानं आधी १७ ठिकाणांची यादी केली. आत्याबाईंनी चष्मा लावून ती वाचली आणि विचारलं, "आन् झोपायचं कधी?"

मग नियम केला. सकाळी एक ठिकाण, दुपारी जेवून आडवं व्हायचं, संध्याकाळी अंगात असेल तर दुसरं, नसेल तर चहा. यादीत सहा-सात नावं उरली. गाडी घरचीच होती. पुण्याहून लेक आली आणि मागच्या सीटवर आजीच्या मांडीवर डोकं ठेवून झोपली ती परळी येईपर्यंत.

पहिला दिवस : अंबाजोगाईला थांबून लातूर

परळीला वैजनाथाला बाहेरूनच हात जोडले. तिथं आम्ही वर्षातून दोनदा जातोच. खरी सुरुवात अंबाजोगाईत झाली.

योगेश्वरीचं दर्शन दहा मिनिटांत झालं. गर्दी नव्हती. ती कोकणस्थांची कुलदेवता. रत्नागिरीकडचं एक कुटुंब आवारात बसून डबा सोडत होतं. त्यातल्या आजी आमच्या आत्याबाईंना विचारत होत्या, "तुमची पण हीच का हो?" "नाही, आमची तुळजापूरची. पण ही शेजारीण," आत्याबाई म्हणाल्या. त्या दोघींचं अर्धा तास जमलं. तेवढ्यात आम्ही तिघं हत्तीखाना बघून आलो.

नाव हत्तीखाना, पण ती शिवलेणी आहेत. खडकात खोल उतरलेलं अंगण, त्यात नंदीचा मंडप आणि दगडातून कोरलेले मोठाले हत्ती. एकाची सोंड तुटलीय, एकाचं डोकं गेलंय, पण पाय असे घट्ट रोवलेले की वाटतं आत्ता अंगणातून चालत वर येईल. वेरूळला अशा हत्तीपाशी फोटोसाठी रांग लागते. इथं आम्ही तिघं, दोन शेळ्या आणि सावलीत अभ्यास करणारा एक मुलगा, एवढेच.

मुकुंदराजांची समाधी गावाबाहेर, बालाघाटच्या दरीकडच्या अंगाला आहे. त्यांचा 'विवेकसिंधु' शके १११०चा, म्हणजे इ.स. ११८८चा, आणि परंपरेनं मराठीतला आद्यग्रंथ. ज्ञानेश्वरीच्या शंभरेक वर्षं आधीचा. शाळेत हे पाठ केलं होतं, पण ते अंबाजोगाईचं म्हणजे आमच्या घरापासून दोन-अडीच तासांवरचं, हे तेव्हा कुणी सांगितलं नव्हतं. दासोपंतही इथलेच, भल्यामोठ्या कापडी पासोडीवर ग्रंथ लिहिणारे. या गावाला लिहिण्याची हौस जुनी आहे.

जेवण एका साध्या खानावळीत. ज्वारीची भाकरी, येसर आमटी, शेंगदाण्याची कोरडी चटणी, कांदा. येसर म्हणजे धान्यं आणि मसाले भाजून दळलेलं पीठ. ते आमटीत पडलं की रस्सा दाट होतो आणि लग्नघराचा वास सुटतो. बाहेरच्या पाहुण्यांनी इकडे आल्यावर पनीर मागवू नये. मेनूकार्डावर नसलं तरी 'येसर आहे का' असं विचारावं.

संध्याकाळी लातूर. खोलीवर सामान टाकलं आणि कुठंही न जाता झोपलो.

दुसरा दिवस : गोलाईत बाजार, खरोशात ऊन

सकाळी नाश्त्याला सुशीला. नवीन माणूस नाव ऐकून दचकतो, पण ही बाई नव्हे. भिजवून पिळलेल्या चुरमुऱ्यांना कांदा, हिरवी मिरची, हळद, शेंगदाण्याची फोडणी आणि वरून डाळ्याचं कूट. परभणीतही आम्ही करतो. लातूरच्या गाड्यावर ती जरा जास्त तिखट निघाली आणि सोबत तळलेली मिरचीही आली.

मग गंजगोलाई. गावाच्या मधोमध गोल दुमजली इमारत, मध्ये जगदंबेचं देऊळ आणि चहूकडे फुटलेले १६ रस्ते. १९१७ साली फैयाजुद्दीन नावाच्या नगररचनाकारानं हे आखलं. गंमत म्हणजे प्रत्येक रस्त्याला आपापला माल वाटून दिल्यासारखा आहे. इकडे सराफ, तिकडे भांडी, पलीकडे गूळ-मसाले, चपला, शेतीची अवजारं. एका रस्त्यात शिरलं की दुसऱ्यातून बाहेर पडतं माणूस. नवरा तीनदा हरवला, आणि तिन्ही वेळा जिलेबीच्या दुकानापाशीच सापडला. हा योगायोग आम्ही कुणी मान्य केला नाही.

वेळ अमावस्या उद्यावर आल्यानं गोलाई नुसती उतू जात होती. हिरव्या शेंगांचे ढीग, मेथी, चुका, कांद्याची पात, कोथिंबिरीच्या जुड्या, नवी मडकी, दुरड्या. कोथिंबीर विकणाऱ्या मावशीला मी सहज विचारलं, "कास्तीची का?" तिनं जुडी माझ्या नाकाला लावली. "वास घ्या आन् तुमीच सांगा." लातूरची कास्ती कोथिंबीर, बोरसुरीची तूरडाळ आणि पानचिंचोलीची चिंच या तिघींना २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. आत्याबाईंना मानांकन म्हणजे काय ते समजावलं, तर म्हणाल्या, "म्हंजे सरकारला आता कळलं व्हय?" तूरडाळ पाच किलो घेतली. लातुरात येऊन डाळ न घेता परत जाणं म्हणजे पंढरपुरात जाऊन बुक्का न लावण्यासारखं.

दुपारी नियमाप्रमाणे झोप.

संध्याकाळी खरोसा. औशाच्या पुढं एका टेकडीच्या कुशीत ही लेणी आहेत, साधारण सहाव्या शतकातली. दगड तांबूस, सच्छिद्र आणि पार झिजलेला. शिल्पांची नाकं-डोळी पुसली गेलीत. पण दशावतार आणि रामायणातले प्रसंग ओळखण्याचा खेळ छान रंगतो. एका पट्टीवर आम्ही बराच वेळ भांडलो, हा नरसिंह की वराह. खाली बसलेल्या आत्याबाईंनी वर न चढताच निकाल दिला : "ज्याला जो दिसंल तो त्याचा."

मावळतीचं ऊन त्या लाल दगडावर पडतं तेव्हा सगळी टेकडी आतून पेटल्यासारखी दिसते. मी फोटो काढले, पण ते नुसते लाल आलेत. खरोशाला जायचं तर चारनंतर जा, पाणी सोबत न्या, आणि पायात घसरणार नाही अशी चप्पल असू द्या. दुकानं-बिकानं तिथं फारशी नाहीत.

तिसरा दिवस : येळवस

सकाळी खाली नाश्ता मागितला तर काउंटरवरचा पोरगा हसला. "आज काही नाही मॅडम. आचारी रात्रीच गावाकडं गेला. मी बी दहाला निघणार." बाहेर आलो तर लातूर ओळखू येईना. काल पाय ठेवायला जागा नव्हती त्या गोलाईत कुत्री निवांत पसरलेली, शटर खाली, चहाची टपरीसुद्धा बंद. संचारबंदी लागल्यासारखं. वेळ अमावस्येला लातूर आणि धाराशिव जिल्ह्यांत स्थानिक सुट्टी असते आणि शहर अख्खं शेतात जातं. या दिवशी इकडे येणार असाल तर आदल्या दिवशीच पेट्रोल भरा आणि पिशवीत काहीतरी खायला ठेवा. खरं तर दुपारपर्यंत उपाशी राहणंच फायद्याचं. का, ते पुढं येतंच.

रस्ता मात्र गजबजलेला. ट्रॅक्टर, मोटारसायकली, अधूनमधून बैलगाडी, बायकांच्या डोक्यावर दुरड्या, पोरांच्या हातात पतंग. थंडी अंगाला झोंबत होती. आत्याबाईंनी स्वेटरवर शाल आणि शालीवर नवऱ्याचं मफलर घेतलं होतं.

बापू भावजींचं शेत काळ्या रानातलं. हरभरा घाट्यावर, ज्वारी पोटऱ्यात, करडईला अजून फूल नाही. मधोमध ज्वारीच्या कडब्याची कोप बांधलेली. आत चुन्यानं रंगवलेले पाच दगड, ते पांडव, आणि लक्ष्मी. भावजी डोक्यावर आंबिलाचं नवं मडकं घेऊन बांधावरून चालत आले, मडक्याला पांढरं फडकं गुंडाळलेलं. मागं जाऊबाई दुरडी घेऊन. त्यांचे डोळे लाल झालेले. रात्रभर चूल चालू होती म्हणाल्या. येळवशीच्या आदल्या रात्री इकडच्या बाया झोपत नाहीत.

पूजा झाली. मग भावजींनी पाल्यानं आंबील शिंपडत पिकाला फेरी घातली आणि आम्ही सगळे मागून ओरडत निघालो, "ओलगे ओलगे, सालम पोलगे!" अर्थ विचारला तर प्रत्येकानं वेगळा सांगितला. शब्द कानडी वळणाचे, एवढं नक्की. सणाचं नावच तिकडून आलंय. सीमेपलीकडे बिदर-कलबुर्गीकडे हीच 'एळ्ळु अमावास्या', एळ्ळु म्हणजे तीळ. आपण ते 'येळवस' केलं आणि मग शुद्ध लिहिणाऱ्यांनी 'वेळ अमावस्या'.

आता जेवण. इथं मी घाई करणार नाही.

भज्जी म्हणजे भजी नव्हे. जाऊबाईंना कृती विचारली तेव्हा त्यांनी बोटं मोजायला सुरुवात केली. तुरीचे, हरभऱ्याचे, वाटाण्याचे, पावट्याचे सोले, ओल्या शेंगांचे दाणे. मेथी, चुका, पालक, कांद्याची पात, हरभऱ्याचा कोवळा पाला. गाजर, वांगं, बोरं सापडली तर तीसुद्धा. हे सगळं शिजवून त्यात आंबट ताकात कालवलेलं डाळीचं पीठ, चिंचेचा कोळ, आणि हिरवी मिरची-लसणाचा ठेचा, तोही सढळ हातानं. "हाताची बोटं संपली की समजायचं झाली," त्या म्हणाल्या. रंग हिरवट पिवळा, दिसायला काही खास नाही. पण पहिल्या घासाला आंबट, दुसऱ्याला तिखट, आणि तिसऱ्याला एखादा कोवळा तुरीचा दाणा दाताखाली फुटतो, तो गोड.

सोबत बाजरीचे उंडे म्हणजे पिठाचे गोळे, ज्वारीची भाकरी, धपाटे, तिळाची पोळी, शेंगाची पोळी, गव्हाची खीर. उंडा फोडायचा, भज्जीत चुरायचा, बोटांनी कालवायचा. माझी लेक चमचा शोधत होती. आत्याबाईंनी तिच्याकडे नुसतं बघितलं आणि चमचा राहिला.

आणि आंबील. ज्वारीचं पीठ शिजवून, ताकात घालून, आलं-लसूण-जिरं-कोथिंबीर टाकून रात्रभर मडक्यात मुरवलेलं. लेकीनं एक पेला पिऊन जाहीर केलं, "आजी, हे तर प्रोबायोटिक आहे!" आत्याबाई म्हणाल्या, "काय का बाटिक असंना, दुसरा पेला घे." दुसऱ्या पेल्यानंतर ती आंब्याखालच्या सतरंजीवर साडेतीनपर्यंत झोपली. आंबील डोळ्यांवर येतं. गाडी चालवणाऱ्यानं एकावरच थांबावं.

या दिवशी बांधावरून जाणाऱ्या माणसाला न जेवता जाऊ देत नाहीत. ओळख लागत नाही. दुपारी रस्त्यानं दोन पोरं पायी चालली होती, पाठीला सॅक. भावजींनी हाक मारली, "ए बाळांनो, भज्जी खायला या!" ती लातुरात नीटच्या शिकवणीला आलेली, एक विदर्भातला आणि एक नाशिककडचा. मेस बंद म्हणून बिस्किटं खाऊन फिरायला निघाले होते. लातूर पॅटर्नची कीर्ती ऐकून पोरं चहूकडून इथं येतात, आठ-दहा जणांच्या खोलीत राहतात, पहाटे उठून प्रश्नपत्रिका सोडवतात. विदर्भातल्या पोरानं पाच उंडे खाल्ले. मग हळूच म्हणाला, "काकू, चार महिन्यांनी घरचं जेवलो." जाऊबाईंनी त्याच्या पानात आणखी एक उंडा टाकला आणि पदर तोंडाला लावून चुलीकडे वळल्या.

तुम्हाला कुणी बोलावलं तर संकोच करू नका. रिकाम्या हातानं जाऊ नका एवढंच, फळं किंवा पोरांना काही खाऊ पुरे. कोपीपाशी चपला काढा. आणि 'थोडंच वाढा' म्हणू नका, त्याचा काही उपयोग होत नाही.

दुपार कलली तशी आत्याबाई भाच्याशी गावातल्या माणसांची उजळणी करत बसल्या. कोण आहे, कोण गेलं. मग बोलणं ३० सप्टेंबर १९९३वर आलं. किल्लारी इथून लांब नाही. गणपती विसर्जनाची रात्र, पहाटे जमीन हलली आणि दगड-मातीच्या जाड भिंतींनी माणसं दाबली. आत्याबाईंच्या माहेरचा वाडा तेव्हाच पडला. माणसं वाचली, कारण मिरवणुकीहून उशिरा येऊन अंगणात झोपली होती. त्यानंतर गावात कुणी माळवदाचं, म्हणजे मातीच्या छताचं, घर बांधलं नाही. सगळीकडे पत्रा. "पत्र्याखाली उन्हाळ्यात जीव जातो, पण झोप लागती," भावजी म्हणाले. आत्याबाई शेताकडं बघत राहिल्या. वाडा होता ती जागा त्यांना बघायला जायचं नव्हतं, आणि आम्हीही विचारलं नाही.

दिवेलागणीला पोरांनी कडब्याची पेंढी पेटवून हेंडगा घेतला आणि शेताभोवती धावत सुटली. अमावस्येचा अंधार, धूर, लांबच्या रानांतही असेच हलणारे ठिपके. निघताना भावजींनी गाडीत एक स्टीलची किटली ठेवली. झाकण घट्ट लावलेलं. "आंबील आहे वहिनी, उद्या प्या." मी ती पुढच्या सीटखाली सरकवली. ही किटली लक्षात ठेवा. आम्ही ठेवली नाही.

चौथा दिवस : उजनीची बासुंदी

औशाचा किल्ला सखल जागेत आहे. लांबून दिसतच नाही, अगदी खंदकापाशी गेल्यावर समोर उभा राहतो. डोंगरावरचे किल्ले बघून सरावलेल्या डोळ्यांना हे विचित्र वाटतं. तासभर फिरलो. गवत कमरेएवढं होतं, म्हणून आत फार शिरलो नाही.

तुळजापूरच्या रस्त्यावर उजनी लागतं. हे धरणाचं उजनी नव्हे, बासुंदीचं. फाट्यावर हॉटेलं आहेत, कढया रस्त्यावरूनच दिसतात. बासुंदी दाट, किंचित तांबूस, साय तुकड्या-तुकड्यांनी आत. वेलची-बिलचीची फार मिजास नाही, दूध आटल्याचीच चव. नवऱ्यानं दोन वाट्या घेतल्या, तिसरीचं नाव काढलं तेव्हा मी बिल मागवलं. घरी नेण्यासाठी घेऊ नका, डब्यात ती दुसरीच कुणी होते. तिथंच बसून खा.

तुळजापूरला मुक्काम. तळमजल्यावरची खोली हवी म्हणून फोनवर तीनदा सांगितलं होतं. मिळाली तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट बंद. आत्याबाई एकेका जिन्यावर बसत, थांबत वर गेल्या आणि पोहोचल्यावर म्हणाल्या, "देवीनं पायऱ्या इथंच चढवून घेतल्या. दर्शन उद्या." म्हाताऱ्या माणसांना घेऊन येणाऱ्यांनी खोली आधी डोळ्यांनी बघून मगच पैसे द्यावेत.

पाचवा दिवस : नळदुर्ग, आणि मग देवळात

नळदुर्ग तुळजापूरहून पाऊण-एक तासावर, सोलापूर-हैदराबाद रस्त्यावर. बोरी नदी वळवून किल्ल्याच्या पोटातून नेली आहे. तिच्यावर बंधारा, आणि बंधाऱ्याच्या भिंतीतच महाल. हाच पाणीमहाल, दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या काळातला, १६१३चा. पावसाळ्यात धरण भरून वाहू लागलं की बंधाऱ्यावरून दोन धबधबे पडतात, नर आणि मादी. आतल्या सज्जात बसून समोरून कोसळणारं पाणी बघायचं, अशी ती योजना. आम्ही गेलो डिसेंबरात, तेव्हा नर नाही आणि मादी नाही, नुसती ओली शेवाळलेली भिंत. लेक हिरमुसली.

पण पाणी नसल्याचा एक फायदा झाला. पायऱ्या उतरून आत निवांत बसता आलं. कोरीव कमानी, छोट्या खोल्या, खिडकीतून खाली हिरवं डबकं आणि त्यावर खंड्या. भिंतीला हात लावला तर गार, आणि कान लावला तर आतून कुठंतरी पाझरण्याचा आवाज. चारशे वर्षं पाण्याचा धक्का खाऊन उभी असलेली भिंत आहे ही. आमच्या सोसायटीची टाकी सात वर्षांत गळायला लागली, हे नवऱ्याला तिथंच आठवलं. धबधबे बघायचे असतील तर ऑगस्ट-सप्टेंबरात, भरपूर पाऊस झाल्याची खात्री करून या. महाल बघायचा असेल तर हिवाळा.

उपळी बुरुजावर मी आणि लेकच चढलो. पायऱ्या उंच आहेत, गुडघेवाल्यांनी खालूनच बघावं. वर दोन तोफा, हत्ती तोफ आणि मगर तोफ. मगरीचं तोंड खरंच मगरीसारखं. खाली आत्याबाई दिसत होत्या, झाडाखाली बसून पहारेकऱ्याला भज्जीची कृती सांगत असलेल्या. त्याच्या घरीही परवा तीच झाली होती, पण त्यानं शांतपणे ऐकून घेतलं.

खरी मजा त्याच पहारेकऱ्यानं सांगितली. "खंडोबा बघितलाव का? सध्या हितंच हाय." म्हणजे? तर इथला खंडोबा दोन गावांत राहतो. सव्वादहा महिने अणदूरला, आणि पावणेदोन महिने नळदुर्गला, मैलारपुरात. मूर्ती एकच. दोन्ही गावांत त्याचा करार होतो आणि ठरल्या दिवशी देव मुक्काम हलवतो. पौष पौर्णिमेची यात्रा इथं, मग परत अणदूर. आमच्या नशिबानं देव नळदुर्गच्या मुक्कामी होता. भंडारा लावून आलो. देवाच्या बदलीचा हिशेब एवढा चोख आहे की नवऱ्याच्या खात्यानं येऊन शिकावं.

दुपारी झोप. पाचला देवळात.

तुळजाभवानीला वर चढून नाही, खाली उतरून जावं लागतं. देऊळ बालाघाटच्या उतारावर आहे. महाद्वारातून पायऱ्या, मग गोमुख तीर्थ, कल्लोळ तीर्थ. कुठंतरी संबळ वाजत होतं आणि गळ्यात कवड्यांच्या माळा घातलेल्या आराधी बायका जोगवा मागत होत्या. आत्याबाईंनी एकीच्या परडीत पीठ-मीठ घातलं. एका हातानं रेलिंग, एका हातानं नात, तोंडानं "आई राजा उदो उदो", अशा त्या उतरल्या. वाटेत एकूण चार वेळा बसल्या. कुणी घाई केली नाही.

रांगेतून गाभाऱ्यापाशी पोहोचलो आणि सिंहासन रिकामं. माझ्या काळजात धस्स झालं. पुजारी म्हणाले, "आई निजली आहे. मंचकी निद्रा." मग बाजूला बघितलं, पलंगावर, गाद्यांवर देवी आडवी. तुळजाभवानीची मूर्ती चल आहे, सिंहासनावरून हलवता येते, आणि वर्षातून तीनदा ती झोपते. भाद्रपदात शारदीय नवरात्राआधी, मग दसऱ्यानंतर पौर्णिमेपर्यंत श्रमनिद्रा, आणि आता पौषात शाकंभरी नवरात्राच्या आधी. सगळी हॉटेलं, रस्ते, सूर्यास्ताच्या वेळा मी तपासल्या होत्या. देवीचं वेळापत्रक तेवढं बघायचं राहिलं. ज्यांना सिंहासनावरचं रूप किंवा अभिषेक हवा असेल, त्यांनी पंचांग बघूनच यावं.

मला वाटलं आत्याबाई खट्टू होतील. एवढ्या पायऱ्या उतरून आलेल्या. त्यांनी पलंगाकडं बघून हात जोडले आणि एकदम आवाज खाली आणून मला म्हणाल्या, "हळू बोल. निजू दे तिला." बाहेर आल्यावर म्हणाल्या, "साठ वर्षांत पहिल्यांदा निजलेली बघितली. उभी तर सगळ्यांनाच दिसती."

परतताना पायऱ्या चढायला पाऊण तास लागला. वर आल्यावर चौघांनी कटिंग चहा घेतला. दोन कवड्यांच्या माळा घेतल्या. तुळजापूरच्या कवडीलाही मानांकन आहे, पण हे मी आत्याबाईंना पुन्हा सांगितलं नाही.

सहावा दिवस : तेर, आणि ती किटली

परतीच्या वाटेवर धाराशिवहून तेर. आजचं हे शांत गाव म्हणजे जुनं तगर. पहिल्या शतकातल्या ग्रीक प्रवासवर्णनात पैठणसोबत याचं नाव येतं, इथून माल भडोचच्या बंदराकडे जायचा. गावातल्या रामलिंगप्पा लामतुरे यांनी आयुष्यभर शेतात, ओढ्यात, पांढरीत सापडलेल्या वस्तू गोळा केल्या. त्यांच्याच संग्रहातून इथलं वस्तुसंग्रहालय उभं राहिलं. मातीच्या बाहुल्या, मणी, शंखाच्या बांगड्या, नाणी. हस्तिदंताच्या एका छोट्या बाईपाशी लेक बराच वेळ उभी होती. पार इटलीत, पॉम्पेईच्या राखेत हिच्यासारखीच एक सापडलीय.

त्रिविक्रमाचं देऊळ विटांचं आहे, मागची बाजू गोल, हत्तीच्या पाठीसारखी. ते आधी बौद्ध चैत्य असावं असं अभ्यासक मानतात. तेरच्या जुन्या विटा पाण्यावर तरंगतात, हे आत्याबाई लहानपणापासून ऐकून होत्या. मातीत तूस मिसळून भाजलेल्या त्या हलक्या विटा. "बघायला मिळंल का?" त्यांनी तिथल्या माणसाला विचारलं. तो म्हणाला, "आजी, प्रत्येकाला तरंगवून दाखवायची म्हटलं तर देऊळ राहील का?" पटलं.

शेवटी गोरोबाकाकांची समाधी. तेरणेच्या काठी, उन्हात, फार कुणी नव्हतं. संतांच्या मेळ्यात थापटण्यानं डोकी तपासून कोण कच्चं, कोण पक्कं सांगणारे ते हे काका. बाहेर बसलेल्या एका म्हाताऱ्या बाईनं आम्हाला बोरं दिली, पैसे घेतले नाहीत, आणि आत्याबाईंचं गाव विचारून तिथली तिची कोण नातेवाईक, हे दोन मिनिटांत शोधून काढलं.

ढोकी, मुरूड करत निघालो. दुपारचं ऊन काचेतून आत येत होतं, सगळे पेंगत होते. मुरूडच्या अलीकडे गाडीत पुढच्या सीटखाली फटाका फुटल्यासारखा आवाज झाला. नवऱ्यानं करकचून ब्रेक मारला, टायर फुटलं म्हणून खाली उतरला आणि चारही चाकांना लाथा मारून बघू लागला. मला आधी वास आला. आंबट, लसणीचा, ओळखीचा. तीन दिवस सीटखाली मुरत पडलेल्या आंबिलानं झाकण उडवलं होतं. अर्धं पायपुसण्यावर, थोडं माझ्या नव्या साडीच्या निऱ्यांवर, आणि एक धार थेट पाच किलो तूरडाळीच्या पिशवीवर.

लेक हसून हसून दाराला टेकली. आत्याबाई जाग्या झाल्या, वाकून किटलीत बघितलं.

"उरलंय की पेलाभर," त्या म्हणाल्या. "आन इकडं."